गेद्दा की बिद्दा

“ओडु! ओडु सार, ओडु! अय्यो देवरे, ओडु!”

घंटेवाले मास्तर ओरडत होते. पितळी घंटा त्यांनी केव्हाच गवतात टाकली होती आणि तिची लाकडी मोगरी डोक्यावर गरगर फिरवत ते ट्रॅकमध्ये उतरले होते. त्यांच्यामागे अख्खं मैदान ओरडत होतं. सावलीतले साहेबलोक, उन्हातले कामगार, शेंगा विकणारी म्हातारी, सगळे. कुंपणावरचे कावळेसुद्धा त्या दिवशी कानडीतच ओरडत होते असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ज्यांच्यासाठी हा गदारोळ चालला होता ते आमचे चॅम्पियन, शर्यतीची एक पूर्ण फेरी शिल्लक असताना, पांढऱ्या रेघेवर फतकल मारून बसले होते आणि दोन्ही हातांनी उजव्या पायातला बूट ओढत होते.

कानडीत ‘ओडु’ म्हणजे पळ. पण चॅम्पियनना कानडी येत नव्हतं. नगरच्या माणसाला भरलेलं मैदान एका सुरात ‘ओढ, ओढ’ म्हणायला लागलं, तर हाताशी जे असेल ते तो ओढणार. यांच्या हाताशी बूट होता. लोक जितक्या जोरात ओरडत, तितक्या जोरात हे ओढत.

ही गोष्ट मी आजवर इतक्या वेळा सांगितली आहे की ती आता माझ्याशिवायसुद्धा चालते. पहिल्या वर्षी माझ्या गोष्टीत एकच बूट होता. तिसऱ्या वर्षी दोन्ही बूट निघाले. पुढे पुढे तर चॅम्पियन मोजे काढून पिळायला लागले आणि कॅन्टीनच्या पोऱ्याला ‘एक बाय-टू कॉफी’, म्हणजे एकीचे दोन कप, अशी खूण करायला लागले. ऐकणाऱ्याने आपापल्या कुवतीप्रमाणे वजाबाकी करावी असा आमच्यात रिवाज आहे. आज मात्र एकच बूट सांगतो आहे. एकच होता.

चॅम्पियनांचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. आमचा कारखाना सरकारी. त्या काळी बंगळूरमध्ये असे कारखाने एकामागून एक उभे राहत होते आणि प्रत्येकाला इंजिनियर लागत तसे खेळाडूही लागत. कुणी हॉकीवाला आणत, कुणी फुटबॉलवाला. आमच्या साहेबांनी नगरहून चॅम्पियन आणले. ते डेकॅथलॉन खेळत. म्हणजे दोन दिवसांत दहा खेळ. पळणं, उड्या, गोळा, थाळी, भाला, बांबूवरची उडी, सगळं एकाच माणसाने करायचं आणि गुणांची बेरीज ज्याची जास्त तो जिंकला. साहेबांचा हिशेब सरळ होता: एका पगारात दहा खेळाडू.

आले त्या दिवशी आमच्या डिझाइन विभागातल्या एका शहाण्याने त्यांना विचारलं, “म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या, असंच ना?”

चॅम्पियन म्हणाले, “अहो, गोधडी चिंध्यांचीच होते. तुमचं ते एक धड आहे ना, ते पांघरून झोपा डिसेंबरात. सकाळी सांगा मला.”

त्या क्षणापासून मी त्यांचा भक्त झालो.

आमच्या घराण्याला बंगळूरला येऊन तीन पिढ्या झालेल्या. घरात मराठी बोलतो, पण दर चौथ्या शब्दाला स्वल्प, सरी, साकु, म्हणजे थोडं, बरं, पुरे. चॅम्पियनना हे खपत नसे. “तुम्ही मराठी नाही हो,” ते मला म्हणत, “तुम्ही उप्पिट्टू आहात. कांदा आमचा, फोडणी त्यांची.” स्वतः त्यांनी कानडी शिकणार नाही अशी प्रतिज्ञाच केली होती. खेळ दहा, भाषा एक. वहिनी निपाणीच्या. त्या दूधवाल्याशी, भाजीवालीशी, शेजारणीशी धो धो कानडी बोलत आणि हे शेजारी खांबासारखे उभे. त्यांना एकच वाक्य येत होतं. “नंगे कन्नड गोत्तिल्ला.” मला कानडी येत नाही. पण हे वाक्य ते अशा काही अस्सल ठसक्यात म्हणत की समोरचा म्हैसूरचा पंडितसुद्धा ‘थट्टा करता काय’ म्हणून आणखी जोरात कानडी बोलायला लागे.

सरावासाठी ते भाला घेऊन बसने जात. आता हे ऐका. मल्लेश्वरमहून बस निघायची. भाला एका खिडकीतून आत आणि दुसरीतून बाहेर. बस मल्लेश्वरमलाच असायची आणि भाल्याचं टोक पार शहराच्या मध्यावर, मॅजेस्टिकला पोचलेलं असायचं. कंडक्टर रोज भांडायचा. चॅम्पियन रोज म्हणायचे, गोत्तिल्ला. बांबूवरच्या उडीचा बांबू त्यांनी क्वार्टरच्या मागच्या अंगणात ठेवला होता. एका सकाळी सराव म्हणून त्यांनी कपड्यांच्या दोरीवरून उडी मारली, ती थोडी जास्त बसली आणि ते शेजारच्या शास्त्रींच्या अंगणात, तुळशीच्या आणि शास्त्रींच्या बरोबर मध्ये उतरले. शास्त्रींनी डोळे उघडले, समोर अवतार पाहिला आणि साष्टांग नमस्कार घातला. नमस्काराबद्दल मी पैज लावणार नाही. उडीबद्दल लावतो.

घरातही त्यांचा तोच खाक्या, दहा आघाड्या एकदम. रेडिओ उघडलेला. कपाटाचं एक दार हिरवं, दुसरं रंगायचं राहिलेलं. तबला होता, डग्गा यायचा होता. अंगणात खणलेल्या विहिरीत माणूस बसला तर टोपी वर दिसे. वहिनी पाहुण्यांना सांगत, “आमच्या घरात सगळं सुरू आहे. संपलेलं असं काही मिळायचं नाही.” आणि हसत. त्या हसत, म्हणून आम्हीही हसत असू.

त्यांचं एक पालुपद होतं, “पुढचा खेळ!” दहा खेळांच्या माणसाला रडायला वेळ नसतो. उंच उडीत दांडी पाडली, तर रडत बसायचं नाही, पळायला जायचं. हा मंत्र ते मैदानाबाहेरही वापरत. बस चुकली, पुढचा खेळ. बढती हुकली, पुढचा खेळ. माझं एक स्थळ मोडलं तेव्हा मी कॅन्टीनमध्ये तोंड पाडून बसलो होतो. हे आले, माझ्या बशीतला अर्धा वडा उचलला आणि म्हणाले, “पुढचा खेळ.” आमचे स्टोअरकीपर वारले तेव्हा स्मशानात सगळे मान खाली घालून उभे. चॅम्पियनांनी त्यांच्या थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच तेच दोन शब्द म्हटले. मला वाटलं आता हाणामारी होणार. तो डोळे पुसून उठला आणि पाणी आणायला गेला.

आणि एक शब्द त्यांच्यासमोर उच्चारायला बंदी होती. ‘दमलो’. हा शब्द कुणाच्याही तोंडून निघाला की त्याने कारखान्याच्या मैदानाला एक फेरी मारायची. आमच्या हेडक्लार्कना, ज्यांना खुर्चीतून उठायला दोन शिपाई लागत, त्यांनाही चॅम्पियनांनी फेरी मारायला लावली होती. त्यामागे शास्त्र होतं. “शब्द तोंडातून बाहेर पडला की पाय ऐकतात,” ते म्हणत. “पाय फार कानाचे हलके. त्यांना कळू द्यायचं नाही.” घरात तर कडक सोवळं. वहिनी डोशाचं पीठ वाटून उठत, कमरेवर हात ठेवत, म्हणत, “दम...” समोर नवरा दिसला की, “दमट हवा आहे नाही आज?” त्यांच्या मेहुणीचं नाव दमयंती. तिला हे लग्नापासून ‘यंती’ म्हणत आले.

एवढं सगळं असून दहाव्या खेळाला मात्र ते घाबरत. शेवटचा खेळ म्हणजे पंधराशे मीटरची धाव. दोन दिवस फेकून, उड्या मारून, अंगाचं पीठ झाल्यावर पावणेचार फेऱ्या. चॅम्पियनांचा देह म्हणजे दगडी खांब. शंभर मीटर त्यांना बाणासारखं जमे. पंधराशे मीटर खांबाने पळायचं नसतं. “नऊ खेळ मी खेळतो,” ते म्हणत, “दहावा मला खेळतो.” म्हणून त्यांची रीत ठरलेली. नऊ खेळांत गुणांची एवढी गंजी रचायची की दहाव्यात रांगत गेलं तरी चालेल. याच रीतीने ते वर्षानुवर्षं सगळ्यांच्या पुढे राहिले. सगळ्यांच्या म्हणजे, मुनियप्पा येईपर्यंत.

मुनियप्पा बंगळूरपासून दहा कोसांवरच्या आनेकलचा. आमच्याकडे फिटर. नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे, खाऊन वाढलेला, काटकुळा, काळा, बोलणं कमी. सकाळची बस चुकली तर आनेकलहून पळत यायचा. बसच्या आधी पोचायचा असं मी म्हणतो, बसवाले नाही म्हणतात. चॅम्पियनांनी त्याला गेटातून पळत येताना पाहिलं आणि हाताला धरून मैदानावर नेलं. पुढची तीनचार वर्षं त्यांनी त्याला नऊ खेळ शिकवले. दहावा शिकवायची गरज नव्हती. तो घरूनच शिकून आला होता. मुनियप्पा त्यांना ‘अण्णा’ म्हणे. दर रविवारी चॅम्पियन आनेकलला जात. कापणी झालेल्या शेतात सराव करायचा, बांबूवरून उडायचं आणि नाचणीच्या पेंढ्यांच्या ढिगात पडायचं. एक पक्का मराठी, एक पक्का कानडी. बोलत कसे असतील याचं आम्हाला कुतूहल होतं. खुणांनी चालत असेल असं आम्ही धरून चाललो.

मी त्यांना एकदा म्हटलं, “चॅम्पियन, स्वतःच्या हाताने आपल्याला हरवणारा तयार करताय.”

“तुम्हाला कळत नाही,” ते म्हणाले. “एकट्याने गोधडी शिवायला कंटाळा येतो.”

मग ते वर्ष आलं. साठ साल अजून उजाडायचं होतं. देशाचा संघ परदेशी जाणार होता आणि दहा खेळांसाठी त्यात एकच जागा होती. निवड आमच्या शहरातल्या मोठ्या मैदानावर. चॅम्पियनांचे केस कपाळावरून मागे सरकायला लागले होते. गुडघ्यावर रोज तेल लागत होतं. यंदा नाही तर कधीच नाही, हे पंचांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं आणि त्यांच्या गुडघ्याला तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं. वहिनींनी परदेशच्या थंडीसाठी स्वेटर विणायला घेतला होता. मरून रंगाचा, गळाबंद, दोन माणसं मावतील एवढा. निवडीच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर स्वेटर घडी घालून खुर्चीवर ठेवलेला. बाह्या, गळा, बटणं, सगळं झालेलं. त्या घरात पूर्ण झालेली ती पहिली वस्तू. मी तसं म्हणालो. वहिनी हसल्या नाहीत. “आता हे त्यांनी घालायला हवं,” एवढंच म्हणाल्या.

दोन दिवस खेळ झाले. मी आयुष्यात पुष्कळ अतिशयोक्ती केली आहे, पण त्या दोन दिवसांत चॅम्पियनांनी माझ्यासाठी काही जागाच ठेवली नाही. गोळा असा टाकला की पंच मोजायला जाताना जेवणाचा डबा घेऊन गेले. भाला टाकला तो अजून खाली यायचा आहे. तरी गंजी रचली गेली ती नेहमीएवढी उंच नव्हती, कारण मुनियप्पा मागोमाग प्रत्येक खेळात चिकटून होता. त्याला कोणी शिकवलं होतं? यांनीच. बाकीचे सगळे कुठल्या कुठे मागे. हिशेबवाल्या बाबूंनी बेरजा केल्या आणि जाहीर केलं: शेवटच्या शर्यतीत मुनियप्पाच्या मागे शंभर पावलं राहिले तरी चॅम्पियनच जिंकतात. शंभर पावलं! आम्ही तेव्हाच टोप्या उडवायला काढल्या.

शर्यत सुरू झाली. पहिली फेरी दोघं बरोबर होते. दुसऱ्या फेरीत मुनियप्पा हरणासारखा निघाला आणि मधलं अंतर वाढायला लागलं. चॅम्पियन खांबासारखे धावत होते, पण धावत होते. मी लांबच्या पायऱ्यांवर होतो. वहिनी खाली, रेघेच्या अगदी जवळ, पिशवी छातीशी धरून उभ्या. पिशवीत स्वेटर होता.

शेवटच्या फेरीची घंटा मुनियप्पासाठी वाजली. तो वळणावर गेला आणि तिथे फेरीभर मागे पडलेला एक मिलिटरीवाला त्याच्या पायात आला. मुनियप्पा पालथा.

“बिद्दा! बिद्दा!” मैदान ओरडलं.

बिद्दा म्हणजे पडला. आणि नेमके त्याच वेळी चॅम्पियन रेघेवर आले. मास्तर त्यांच्यासाठी घंटा बडवत होते. मुनियप्पा पडलेला होता. आता शंभर पावलांचासुद्धा प्रश्न उरला नव्हता, रमतगमत एक फेरी मारली की संघात जागा, बोटीचं तिकीट आणि मरून स्वेटर. चॅम्पियन थांबले. दोन्ही हात वर केले. आणि खाली बसले.

मग ओडु ओडु, मग बूट. मी पायऱ्यांवरून कसा खाली आलो ते मला आठवत नाही. तिघांच्या डोक्यांवरून आणि एकाच्या जेवणावरून आलो असं लोक सांगतात. “अहो पळा! फेरी राहिली आहे, पळा!” मी मराठीत बोंबललो. त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे, मग वहिनींकडे. वहिनी चार हातांवर होत्या, त्यांनाही मराठी येत होतं, पण त्या ओरडल्या नव्हत्या. घाबरल्या असतील बिचाऱ्या, असं मला तेव्हा वाटलं. तोवर मुनियप्पा उठला होता. रक्ताळलेला गुडघा घेऊन तो पळत होता. चॅम्पियन उभे राहिले आणि एका पायात बूट, एका पायात मोजा, अशी त्यांनी ती फेरी पूर्ण केली. पळाले असं मी म्हणणार नाही. आले.

हातभर गुणांनी गेलं. हातभरसुद्धा नाही, वीतभर.

पंच, साहेब, कामगार, सगळा घोळका त्यांच्याभोवती. थांबलात का? थांबलात का? चॅम्पियनांचा श्वास भात्यासारखा चाललेला, शब्द फुटत नव्हता. ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. आणि तेव्हा मला सुचलं. मला नेहमी सुचतंच.

“अरे, यांना कानडी कुठे येतं!” मी ओरडलो. “लोक म्हणाले बिद्दा, यांनी ऐकलं गेद्दा!”

गेद्दा म्हणजे जिंकला; मैदानावर वावरणाऱ्याला तेवढा एक शब्द कळतोच. आणि मैदान जे हसलं! साहेब हसले, पंच हसले, घंटेवाले मास्तर मोगरी पोटाशी धरून खाली बसले. चॅम्पियनांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली.

“हो,” ते म्हणाले. “गेद्दा ऐकलं.”

मुनियप्पा परदेशी गेला. तो मरून स्वेटर घालून गेला. वहिनींनी स्वतः नेऊन दिला, बाह्या दुमडून. तिथे तो शेवटून दुसरा की तिसरा आला आणि बर्फ पाहून परत आला.

आणि इकडे गोष्ट मोठी व्हायला लागली. कारखान्याचा एकही सण, एकही निरोपसमारंभ असा गेला नाही की मला उभं केलं नाही. “ती गेद्दाची सांगा!” मी सांगायचो. चॅम्पियन पहिल्या ओळीत बसून सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायचे. दोन बूट झाले की तेवढं मधेच म्हणायचे, “एक हो. एकच.” बाकी काही दुरुस्त केलं नाही कधी. कॉलनीतली पोरं त्यांना पाहून ‘ओढ, ओढ’ करत, तर हे चालता चालता चपलेकडे हात नेऊन दाखवत. त्यानंतर ते कुठल्याच शर्यतीत उतरले नाहीत. कारखान्याच्या खेळांत घंटा वाजवायचं काम त्यांनी मागून घेतलं. शेवटच्या फेरीची घंटा ते फार लांबवत. धावणारा वळणावर गेला तरी वाजवतच राहत. आम्ही म्हणत असू, साकु हो चॅम्पियन, ऐकलं त्याने.

आणि ‘पुढचा खेळ’ बंद झालं. कधी बंद झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. एकदा माझीच बढती हुकली, मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो, ते आले, समोर बसले, कॉफी प्यायली, आणि काही न बोलता उठून गेले. तेव्हा लक्षात आलं. दहाव्यानंतर पुढचा खेळ नसतो हे खरं. पण माझा तर अजून दुसरा-तिसराच चालला होता.

काही वर्षांनी मुनियप्पाने आनेकलला घर बांधलं. वास्तूला आम्हा तिघांना आग्रहाचं बोलावणं. बसने गेलो. वाटेत बोम्मसंद्र्याच्या आसपास तेव्हा नुसती नाचणीची शेतं आणि चिंचेची झाडं. वहिनी खिडकीशी, चॅम्पियन शेजारी. जेवणं व्हायच्या आधी मांडवातल्या पाहुण्यांनी मला घेरलं. मी कुठे नाही म्हणणार? त्यात समोर अस्सल कानडी श्रोते, मग काय विचारता. मी गोष्ट कानडीत सांगितली. बिद्दा आणि गेद्दा यांचा जो काही धुरळा मी उडवला, माणसं खांब धरून हसत होती. चॅम्पियनही हसत होते. मुनियप्पा हसला नाही. तो उठला आणि आचाऱ्याकडे काय राहिलं ते बघायला गेला. वहिनी विड्याच्या पानाच्या शिरा काढत होत्या. एक शीर त्या फार वेळ काढत होत्या.

पंगत बसली. मुनियप्पाची म्हातारी आई वाढायला आली. बाहेर ऊन होतं, तरी अंगात स्वेटर. मरून, गळाबंद, गुडघ्यापर्यंत आलेला. तिने चॅम्पियनांच्या पानावर आणखी एक मुद्दे ठेवायला हात पुढे केला.

“साकु अव्वा, होट्टे तुंबितु,” चॅम्पियन म्हणाले. पुरे आई, पोट भरलं.

मी घास तसाच धरून बसलो. म्हातारीला त्यात नवल काहीच वाटलं नाही. ती त्यांच्या पानासमोर टेकली आणि दोघं बोलायला लागली. पावसाबद्दल, गाईबद्दल, सुनेबद्दल. नदीसारखं कानडी, आनेकलच्या शेतातलं, पेंढ्याचा वास येणारं. कितीतरी रविवारांचं ते कानडी होतं. म्हातारीने मांडवातला हशा ऐकला असावा. तिने विचारलं, त्या दिवशी नेमकं झालं तरी काय होतं, बाबा?

“एनिल्ला अव्वा,” चॅम्पियन म्हणाले. काही नाही. “निम्म मग बिद्दा, एद्दा, गेद्दा. अष्टे.”

तुमचा मुलगा पडला, उठला, जिंकला. इतकंच.

तीन शब्द, एकापाठोपाठ एक, प्रत्येक वेगळा, नाण्यासारखा स्वच्छ. मी इतकी वर्षं त्यातले दोन एकात एक कालवून लोकांना वाढत आलो होतो.

परतताना बसथांब्यापर्यंत शेताच्या बांधावरून चालत गेलो. वहिनी पुढे, पिशवीत म्हातारीने दिलेल्या अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. चॅम्पियन मधे, मी मागे. शेवटी चिंचेखाली थांबल्यावर मी म्हटलं, “चॅम्पियन, तुम्हाला कानडी येतं.”

“हो.”

“तेव्हाही येत होतं.”

“हो.”

“बिद्दाच ऐकलं होतंत.”

“बिद्दाच म्हणत होते लोक.”

“मग एक फेरी राहिली होती, तो पडला होता, सगळं हातात होतं...” माझा आवाज चढला. “मग बसलात कशाला हो?”

वहिनींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बस येते का ते पाहायला लागल्या. चॅम्पियनांनी वाकून चपलेत गेलेला खडा काढला, बाजूला टाकला.

“दमलो होतो,” ते म्हणाले.